होम सिस्टर

बिराजदार सिस्टरना शिकवता शिकवता वाक्य मध्येच सोडून जायची सवय होती. "पेशंटची कूस बदलताना आपला एक हात त्याच्या..." एवढं बोलून त्या थांबायच्या, मान किंचित तिरकी करायच्या, हातातली चादर आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात द्यायच्या आणि झपझप बाहेर पडायच्या. पलंगावर निजवलेल्या रबरी बाहुलीभोवती आम्ही मुली तशाच उभ्या. थोड्या वेळानं त्या ओले हात पुसत परत यायच्या, चादर मागून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "...खांद्याखाली, आणि दुसरा कमरेखाली." आधीचं काहीही पुन्हा सांगायच्या नाहीत. ज्या शब्दावर वाक्य तुटलं, तिथूनच ते पुढं चालू व्हायचं.

पहिल्या आठवड्यात आम्ही तोंडावर हात धरून हसलो. मग हळूहळू आम्हालाही तो आवाज ऐकू यायला लागला. वर्गाच्या भिंतीपलीकडून, लोखंडी खाटेच्या दांडीवर स्टीलचा पेला आपटल्याचा. सिस्टरची आई तिथं लकवा होऊन पडून होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळजवळ गेलेलं. डाव्या हातात पेला मात्र पक्का धरता यायचा. तो वाजला की सिस्टर वाक्य टाकून निघायच्या.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सोलापुरातलं एका ट्रस्टचं जुनं दगडी इस्पितळ, त्याला जोडून नर्सिंगची शाळा, शाळेला जोडून आमचं हॉस्टेल. बिराजदार सिस्टर तिथल्या होम सिस्टर होत्या. म्हणजे मुलींची हजेरी घ्यायची, जेवणखाण बघायचं, आजारपणं काढायची आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना हातानं करायची कामं शिकवायची. राहायचंही तिथंच, हॉस्टेलच्या मागच्या दोन खोल्यांत. बुटका बांधा, पांढरं स्वच्छ लुगडं, कपाळावर विभूती लावून पुसल्याची अगदी फिकट खूण, आणि ड्यूटीवर दागिने चालत नसल्यामुळं पोलक्याच्या आत लपवलेला गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा. घरी कानडी, बाहेर मराठी. चिडल्या की त्यांच्या मराठीतले स्त्रीलिंग-पुल्लिंग एकमेकांत मिसळायचे. "तो खिडकी कुणी उघडा ठेवला?" असं ओरडल्या की आम्ही आधी खिडकी लावायचो आणि मग पळून जाऊन हसायचो.

मला तिथं पोचवायला माझे वडील आले होते. माळशिरसजवळच्या आमच्या गावातून एस.टी.नं. मी मॅट्रिक झालेली आमच्या भावकीतली पहिली मुलगी, आणि वाटभर रडत आलेली. सिस्टरनी मला समोर उभं केलं.

"गाव?"

मी सांगितलं.

"पुढं काय?"

"म्हंजी?"

"नर्स झालीस. पुढं काय?"

"नर्स झाले की झालं की," मी म्हणाले.

"झालं कसं? ऐक. तीन वर्षं जनरल. मग मिडवायफरी. मग स्टाफ नर्स. वॉर्डात दोन-तीन वर्षं काढायची, हात बसतो. मग तिथं थांबायचं नाही. थांबलीस की चिकटलीस. शिकवायला आवडलं तर ट्यूटर हो. फिरायला, माणसांत राहायला आवडलं तर मुंबईला जाऊन पब्लिक हेल्थचा कोर्स कर. मेट्रन व्हायचं असेल तर भांडता आलं पाहिजे. तुला भांडता येतं का?"

मी मान हलवली. नक्की हो म्हणून का नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नव्हतं.

वडील मधेच म्हणाले, "बाई, आदी हितं टिकंल का न्हाय ते बगा. पोरगी लई रडती."

"रडू दे की. रडता रडता शिकतात," सिस्टर म्हणाल्या आणि त्या दिवसापासून माझं नाव 'माळशिरस' झालं. सगळ्या मुलींना त्या गावाच्याच नावानं हाक मारायच्या. ए मंगळवेढा, ए बार्शी, ए करमाळा. आणि प्रत्येकीला हाच प्रश्न. प्रत्येकीचा पुढचा रस्ता त्यांनी मनात आखून ठेवलेला असायचा. बार्शीची पुष्पा ट्यूटर होणार, कारण ती दुसरीला समजावताना चिडत नाही. करमाळ्याच्या लीलाला ऑपरेशन थिएटर, कारण रक्त बघून तिला भूक लागते. पुढं यातलं बरंचसं खरं झालं. एक मुलगी तर इराणला गेली. तेही सिस्टरनी तिला पहिल्या वर्षातच सांगून टाकलं होतं, "तुला लांब जायला पाहिजे. जवळ राहिलीस तर घरचे तुला खातील."

त्यांचा स्वतःचा रस्ता कुठं अडला, हे आम्हाला सुरुवातीला कळलं नव्हतं. ते कळलं मुंबईहून एक बाई व्याख्यानाला आल्या तेव्हा.

त्या नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या होत्या, नुकत्याच अमेरिकेहून आलेल्या. तिकडं काय काय नवं चाललंय ते सांगता सांगता त्या म्हणाल्या, "तिथं आता नर्स प्रॅक्टिशनर म्हणून वेगळं शिक्षण निघालंय. नर्सच तपासते. साधी दुखणी असतील तर औषधही तीच ठरवते."

आमच्यातल्या निम्म्या मुली डुलक्या घेत होत्या. सिस्टर मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या पुढं आल्या.

"आणि सही कुणाची?"

"कशावर?"

"औषधाच्या कागदावर."

"तिची. नर्सची."

"तिचीच?" सिस्टरनी विचारलं. बाईंनी हसून मान डोलावली. तेवढ्यात भिंतीपलीकडं पेला वाजला. सिस्टर लगेच हलल्या नाहीत. तसं मी पहिल्यांदाच पाहिलं. पेला दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा त्या गेल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत अव्वाला भरवायला गेले. आईला त्या कानडीत अव्वा म्हणायच्या, म्हणून आम्हीही. आळीपाळीनं आम्ही मुली मदतीला जायचो. भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं भरवायची, पाठ स्पिरिटनं चोळायची, पावडर लावायची, कूस बदलायची. सिस्टर वर्गात जे शिकवायच्या त्यातलं बरंचसं आम्ही खऱ्या अर्थानं अव्वावरच शिकलो. त्या दिवशी सिस्टर आपण होऊन बोलल्या.

"इकडं तसलं काही निघायला अजून कितीतरी वर्षं जातील. पण पब्लिक हेल्थ केलं तर खेड्यात काम मिळतं. तिथं डॉक्टर असतो कुठं? डॉक्टर येईपर्यंत जे करायचं ते नर्सनंच करायचं. म्हणजे झालंच की ते. नाव नसेल फक्त."

"मग तुम्ही का नाही केलं, सिस्टर?"

त्यांनी खाटेकडं बघितलं नाही. पण मला कळलं.

या खोल्या होम सिस्टरच्या होत्या. त्या कोर्सला गेल्या की खोल्या सुटणार. खोल्या सुटल्या की अव्वा कुठं जाणार? इस्पितळाच्या आवारात नातेवाईक ठेवायला परवानगी नव्हती. मेट्रनबाईंनी दया दाखवून अव्वाला राहू दिलं होतं, आणि त्या दयेला सिस्टर पुरत्या बांधल्या गेल्या होत्या. हॉस्टेलला चोवीस तास राहणारी दुसरी सिस्टर मिळत नव्हती. या दोन खोल्यांच्या बदल्यात मेट्रनबाईंना बिराजदार सिस्टर मिळाल्या होत्या. यात कुणी कुणावर अन्याय केला असं म्हणताच येत नव्हतं. आमच्या आधीच्या वर्षी त्यांची कोर्ससाठी निवड झाली होती आणि त्यांनी ती सोडून दिली होती.

भाऊ होता. नवी पेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावर घर. सिद्धाराम त्याचं नाव. वडील गेल्यावर याच बहिणीच्या पगारावर तो शिकला आणि दुकानात उभा राहिला. पण त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना सांगितलं गेलं होतं की बहीण पुण्याला मास्तरीण आहे. परक्यांची अंगं पुसणारी, कुठल्याही जातीच्या बाईचं बाळंतपण करणारी नणंद त्यांना चालली नसती. सिस्टर लग्नाला गेल्या त्या मास्तरीण म्हणून. कुणीतरी विचारलं, "कितवीला शिकवता?" त्यांनी सांगितलं, "पहिलीला." हे सांगताना त्या हसायच्या. "खोटं कुठं बोलले? पहिल्या वर्षालाच शिकवते की."

त्याच वर्षी दुष्काळ पडला. जिल्ह्यात जागोजागी खडी फोडायची कामं निघाली. एका कामावर लोकांना लस टोचायला आमची तुकडी न्यायची ठरली आणि मुलींबरोबर सिस्टरना पाठवलं गेलं. अव्वापाशी दिवसभर वॉर्डातल्या एका मावशींना बसवलं होतं.

त्या दिवशीच्या सिस्टर मी आधी पाहिल्या नव्हत्या. जीप अक्कलकोट रस्त्याला लागली, तसा त्यांचा आवाज मोठा झाला. कामावरच्या निम्म्या बायका कानडी बोलणाऱ्या. सिस्टर त्यांच्यात अशा मिसळल्या, की माहेरी आल्यात असं वाटावं. एकीच्या हाताचे फोड बघ, दुसरीच्या पोटावर हात ठेवून महिने सांग, तिसरीला रागाव.

दुपारी एका बाईनं तान्हं मूल आणून त्यांच्या मांडीवर टाकलं. हगवणीनं सुकून गेलेलं. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. आमच्याबरोबर आलेले डॉक्टर जीप घेऊन पुढच्या कामावर गेले होते, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. मी म्हणाले, "सिस्टर, सलाइन लागेल ना याला?"

"लागेल. आहे का?"

"नाही."

"मग जे आहे ते बघ."

त्यांनी पाणी उकळायला लावलं, गार केलं, त्यात गूळ आणि मीठ घालून आधी स्वतः चाखलं. मग कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब, नंतर चमच्यानं. मूल ओकलं की थोडं थांबायच्या, पुन्हा द्यायच्या. आम्ही टोचण्याचं काम संपवून आलो तरी त्या तिथंच मांडी घालून. ऊन सरकेल तशा त्याही मुलाला घेऊन सावलीबरोबर सरकत होत्या. उन्हं कलली तेव्हा मुलानं मुतून त्यांचं लुगडं भिजवलं. सिस्टर मोठ्यानं हसल्या आणि त्याच्या आईला म्हणाल्या, "मुतला! आता जगला!" आजूबाजूच्या बायकाही हसायला लागल्या. डॉक्टर आले, त्यांनी मूल तपासलं आणि म्हणाले, "छान केलंत. हेच करायला हवं होतं." चांगले गृहस्थ होते ते.

परत येताना सिस्टर गाणं गुणगुणत होत्या. शहराचे दिवे आणि गिरण्यांची धुराडी दिसायला लागली, तशा गप्प झाल्या. इस्पितळाच्या फाटकातून आत शिरताना त्यांनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली, आणि जीप थांबायच्या आधीच उतरून मागं पळाल्या.

दुपारी पाण्याचा टँकर आला म्हणून मावशी घागर घेऊन गेल्या होत्या. रांग मोठी होती, मग त्या घरीच गेल्या. अव्वा तेव्हापासून घाणीत पडून होत्या. पेला हातातून निसटून कोपऱ्यात घरंगळला होता, त्यामुळं वाजवायलाही काही नव्हतं. सिस्टरनी पाणी तापवलं. मी मावशींबद्दल काहीतरी रागानं बोलले, तर म्हणाल्या, "पाणी तिलाही लागतंच की." मग अव्वाला पुसता पुसता, माझ्याकडं पाठ करून, "दिवसभर मला हिची आठवण झाली नाही, माळशिरस. एकदासुद्धा नाही. ते मूल मुतेपर्यंत मी हिला विसरले होते."

त्यांचा आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही. पश्चात्ताप होता, आणि खाली कुठंतरी आनंदही होता, आणि त्या आनंदाचीच त्यांना भीती वाटत असावी.

पुढच्या वर्षी त्यांची कोर्ससाठी पुन्हा निवड झाली. या वेळी मेट्रनबाईंनी स्पष्ट सांगितलं, "वयाची अट बघ. यंदा गेलीस तर गेलीस. पुढच्या खेपेला तुला घेणार नाहीत."  मग एका दुपारी मला बरोबर घेऊन नवी पेठेत गेल्या.

सिद्धाराम गादीवर बसला होता. बहिणीला बघून उठला, गिऱ्हाइकाला दुसऱ्या माणसाकडं सोपवलं आणि आम्हाला मागच्या बाजूला नेलं.

"वर्षभर अव्वाला ठेव," सिस्टर म्हणाल्या.

"अक्का, जिना बघितलीस ना? तिला वर चढवायचं कसं?"

"मी चढवते."

"पार्वतीला तीन लहान पोरं आहेत. दुकानातल्या माणसांचा स्वयंपाक असतो."

"माहीत आहे. मी तिला शिकवते. वर्षभर फक्त. मी आजवर तुला काही मागितलंय का?"

 वाईट माणूस नव्हता तो. शेवटी म्हणाला, "रविवारी आण. पण अक्का, तो पांढरा लुगडं नेसून येऊ नकोस." माझ्यासमोर दोघं मराठीतच बोलत होती, आणि त्याच्याही मराठीत तीच गडबड होती.

रविवारी सिस्टर पांढरं लुगडंच नेसल्या. आम्ही चार मुली गणवेशात, टोप्या घालून. कापडी स्ट्रेचर, त्यावर अव्वा. टांगा दुकानासमोर थांबला तेव्हा पेठ माणसांनी भरलेली होती. चौकटीत उभे राहून दुकानदार बघायला लागले. "बिराजदाराची बहीण नर्स हाय व्हय?" कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. सिस्टरनी तिकडं मान वळवली नाही. "चढताना डोकं पुढं," त्यांनी आम्हाला सांगितलं. "खालच्यांनी दांड्या खांद्यापर्यंत उचलायच्या. पेशंट आडवाच राहिला पाहिजे. चला." तो अरुंद, काळोखा जिना आम्ही एकेक पायरी करत चढलो. वर पोचलो तेव्हा अव्वा हसत होत्या, अर्ध्या तोंडानं. मुलाच्या घरात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

जायला अजून काही आठवडे होते. सिस्टर रोज संध्याकाळी जाऊन पार्वतीला शिकवायच्या. हात कसा घालायचा, चादर कशी ओढायची, पाठ कशी चोळायची. पार्वती शिकायची, रडायची. "अक्का, मला तुमच्यासारखं नाही हो जमत. मी उचलायला गेले की त्या ओरडतात. मग पोरं घाबरून रडतात. मग माझे हातच चालत नाहीत." सिस्टर म्हणायच्या, "जमेल की. मलाही पहिल्या वर्षी जमत नव्हतं." मग हॉस्टेलवर येऊन ट्रंक भरायच्या. आम्ही वर्गणी काढून त्यांना एक छत्री घेतली होती, मुंबईसाठी. वर्गात आता त्या वाक्य एका दमात पुरं करायच्या, आणि पुरं झाल्यावर जरा गोंधळल्यासारख्या उभ्या राहायच्या.

जायच्या आदल्या आठवड्यात परीक्षेच्या धामधुमीमुळं त्यांना पेठेत फिरकायला मिळालं नाही. निघायच्या दिवशी सकाळी टांग्यात ट्रंक ठेवून, मला स्टेशनपर्यंत सोबत घेऊन, त्या निरोप घ्यायला गेल्या. टांगा खाली उभा. वर जाताच त्यांनी नेहमीसारखं अव्वाला हलकेच कुशीवर वळवलं आणि लुगडं बाजूला केलं.

उताणं पडून पडून माकडहाडावर जखम उघडली होती. खोल. कडा काळ्या पडलेल्या. वास येत होता.

पार्वती दाराशी उभी राहून पदरात तोंड घालून रडत होती.  सिस्टरनी उकळलेलं पाणी मागितलं, धुतलेलं फडकं मागितलं, जखम साफ केली, बांधली. सिद्धाराम दोनदा म्हणाला, "अक्का, गाडीची वेळ होत आली."

अव्वांनी डावा हात उचलून सिस्टरच्या मनगटावर ठेवला. त्यांच्या तोंडून शब्द फुटायला फार वेळ लागायचा. "होगु," त्या म्हणाल्या. कानडीत होगु म्हणजे जा. "होगु. होगु."

सिस्टरनी तो हात हळूच खाली ठेवला, अंगावर पांघरूण घातलं आणि जिना उतरल्या. टांग्यात बसल्या. मी शेजारी. टांगा निघाला आणि थोड्याच अंतरावर गर्दीत अडकला. पुढं कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी आडवी झाली होती. टांगेवाला ओरडत होता, घोडा जागच्या जागी पाय आपटत होता. सिस्टर सरळ समोर बघत होत्या. हातगाडी बाजूला झाली, वाट मोकळी झाली. टांगेवाल्यानं लगाम उचलला.

"थांब," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, वर्गातल्यासारख्याच आवाजात, "माळशिरस, उतर. तिघींना घेऊन ये. स्ट्रेचर आण."

"सिस्टर, मुंबई?"

"ती जखम भरायला महिने लागतात. इथं ती भरायची नाही. जा लवकर, ऊन होईल."

मी हॉस्टेलपर्यंत रडत पळाले. आम्ही स्ट्रेचर घेऊन आलो तेव्हा त्या जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "उतरताना पाय पुढं," एवढंच म्हणाल्या. उतरणं चढण्यापेक्षा अवघड होतं. वरून पार्वती म्हणत होती, "अक्का, माझं चुकलं. अक्का." सिस्टरनी वर बघून सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही. पोरांना बघ."

मेट्रनबाई हॉस्टेलच्या दारात आल्या. खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्याजवळच होत्या. त्यांनी मायेनंच म्हटलं, "मला वाटलंच होतं, तू जाणार नाहीस."

सिस्टरनी किल्ल्या घेतल्या. "मला नव्हतं वाटलं," त्या म्हणाल्या.

मेट्रनबाईंना त्यांनी दिलेलं ते एकच उलट उत्तर. नंतर त्या ज्या दाराआड गेल्या, तिथं अव्वा आणखी कितीतरी वर्षं जगल्या. जखम भरली. वर्गातली वाक्यं पुन्हा तुटायला लागली. नव्या मुली आल्या, त्यांची गावं सिस्टरच्या तोंडी बसली. एका धीट मुलीनं त्यांना एकदा विचारलं, "सिस्टर, तुमचं पुढं काय?" सिस्टर म्हणाल्या, "संध्याकाळची हजेरी." मुली हसल्या. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. मला हसू आलं नाही.

मी पास झाले, वॉर्डात काम केलं, आणि त्यांनी पाठ सोडली नाही म्हणून मुंबईला जाऊन पब्लिक हेल्थचा कोर्सही केला. मला स्थळं सांगून येत होती तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं होतं. "लग्न पळून जात नाही," त्या म्हणाल्या. वडील म्हणाले, "बाई, वय पळतंय की." त्यावर सिस्टर म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते, आधी कोर्स." 

अव्वा गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. दशक संपत आलं होतं. सिस्टर रिकाम्या खाटेसमोर बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. कोर्सचं वय कधीच उलटून गेलं होतं. मेट्रनबाईंनी त्यांना असिस्टंट मेट्रनची जागा देऊ केली होती. खोल्याही त्यांच्याकडंच राहणार होत्या. "सगळे म्हणतात, घे," त्या म्हणाल्या. "या खोल्यांत आता मी एकटी काय करू?"

इस्पितळानं अक्कलकोटच्या पलीकडं, सीमेजवळच्या एका गावात छोटा दवाखाना काढला होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा जायचे. तिथं राहायला कुणी तयार नव्हतं. सिस्टरनी ती जागा मागितली. मेट्रनबाई म्हणाल्या, "अगं, हे खाली उतरणं आहे." सिस्टर म्हणाल्या, "उतरते की." आणि गेल्या.

काही महिन्यांनी मी तिकडं गेले. दोन खोल्यांचा दवाखाना, पुढं ओटा. कुठल्या दुखण्याला काय द्यायचं ते डॉक्टरांनी त्यांना ठरवून दिलं होतं. त्यापलीकडचं काही असेल तर माणूस एस.टी.त बसवून सोलापूरला धाडायचा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवून सिस्टर जेवायला बसल्या. मी अगदी मनापासून म्हणाले, "सुटलात एकदाच्या, सिस्टर."

त्यांना ते आवडलं नाही.

"सुटले कसं म्हणतेस? अव्वा मेली म्हणून मी इथं आहे. ती असती तर मी तिथंच असते. आणि ती असती तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं. इथं आले हे बरं झालं, असंही रोज वाटतं. दोन्ही खरं आहे की. काय करायचं त्याचं?"

मी विचारलं, "त्या दिवशी टांगा थांबवला नसता तर?"

"पुष्कळ वेळा विचार केला. कुठलंही उत्तर चांगलं येत नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी चटणी वाढली.

सकाळी मी पिशवी भरत होते तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती. एक म्हातारा काठी टेकत आला. "डॉक्टर हाईत का?"

"डॉक्टर बुधवारी. आज मी आहे. बसा आजोबा, तुमचा नंबर आला की बघते," सिस्टर म्हणाल्या. एका बाईच्या मांडीवरचं मूल त्यांनी पुढं ओढून घेतलं.

फाट्यावर एस.टी.चा भोंगा वाजला. मी निरोप घ्यायला म्हणून ओट्याशी आले आणि वाकून नमस्कार करणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थोपवलं. नळ्या कानात घालून, डोळे मिटून, सिस्टर त्या मुलाच्या छातीतला आवाज ऐकत होत्या. मग वर केलेल्या हाताचं बोट त्यांनी ओठावर ठेवलं. ओट्यावरची सगळी माणसं गप्प झाली. मीही पिशवी उचलून, चपलांचा आवाज न करता, फाट्याकडं निघाले.